न गळणारं घर

औंढ्यात पावसाळ्यात ‘तुमचं घर गळतं का?’ असं कुणी विचारत नाही. ‘कुटं गळतं?’ असं विचारतात. कुणाचं चुलीपाशी गळतं, कुणाचं देव्हाऱ्यावर, तर एखाद्या नशीबवानाचं नेमकं उशीवर. अशा गावात सोपान केदारीचं घर सोळा वर्षांत एक थेंब गळलं नव्हतं. हे सगळ्या गावाला पाठ होतं, कारण सोपान ते कुणी न विचारता सांगत असे (तेही शेजारीपाजारी जमिनीवर पातेली मांडत असताना).

सोपान उर्से टोलनाक्यावर सुपरवायझर. कुणाला फुकट आत सोडायचं नाही, ही सवय अंगात भिनलेली. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला त्यानं बाहेरून पत्रा ठोकला होता, खिडक्यांच्या फटींत सिलिकॉन भरलं होतं, दाराखाली रबराची पट्टी लावली होती. आभाळ भरून आलं की सगळ्या खिडक्या बंद व्हायच्या, त्या थेट दसऱ्याला उघडायच्या. “माझ्या घरात यायचं तर मुंगीलासुद्धा पावती फाडावी लागंल,” असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

श्रावणातल्या एका गुरुवारी त्याची बायको अनिता हिच्या कानातल्याची फिरकी कपाटाखाली घरंगळली. शहाण्या माणसानं केरसुणीचा दांडा घातला असता. सोपाननं कपाट सरकवायचं ठरवलं.

कपाट हातभर पुढं आलं आणि दोघं बघतच राहिले. मागची भिंत माणूसभर उंचीपर्यंत काळी पडली होती. गिलावा फुगला होता, त्यावर पांढरा लोणा फुटला होता, आणि वास असा आला की सोपाननं नाकाला रुमाल लावला. अनितानं घाईनं कपाट उघडलं. तळाच्या कप्प्यात ठेवलेल्या पैठणीच्या पदरावर बुरशीचे ठिपके उठले होते. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नातली एकुलती एक पैठणी होती ती.

“दोन वर्षं सांगतीया मी, कपाटात वास येतोय म्हणून.”

“मला वाटलं सुकटीचा.”

“सुकट स्वयंपाकघरात असती! पैठणीच्या घडीत मी बोंबील ठेवती का?”

सोपाननं कपाटाचं दार लावून टाकलं. “इनायतभाईला बोलवा आत्ताच्या आत्ता,” अनिता म्हणाली. इनायत म्हणजे लोणावळ्याचा गवंडी. हात सोन्याचा, पण सकाळी त्यानं पाहिलेली भेग दुपारी अख्ख्या बाजाराला माहीत असायची. सोपानला घाम फुटला. सोळा वर्षं ज्यांना अक्कल शिकवली, ते सगळे आता दारात येऊन दात काढणार!

“खबरदार कुणाला बोललीस तर. मी बघतो काय ते,” तो म्हणाला.

मग त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एकानं सांगितलं होतं की भिंतीला फॉइल चिकटवा आणि दोन दिवस थांबा. त्यानं मुलाच्या डब्यासाठी आणलेली फॉइल चार जागी चिकटवली. (पोरगा दोन दिवस पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत गेला.) दुसऱ्या एकानं सांगितलं होतं की भिंत ठोकून बघा, बद्द आवाज आला की गिलावा आतून सुटला समजा. शनिवारी अनिता दळण घेऊन गिरणीत गेली, तसा सोपान कलथा घेऊन भिंत ठोकायला बसला. सगळीकडंच बद्द आवाज आला. फुगलेल्या गिलाव्याचा एक पोपडा फुटून नेमका डोळ्यांत उडाला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची भामाबाई. सोपान डोळे चोळत बाहेर आला आणि दार अंगानंच अडवून उभा राहिला.

“काय ठोकताय वो भाऊ मगाधरनं?”

“खिळा. फोटो लावतोय.”

“कुणाचा?”

देवाचा म्हणता आलं असतं, पोराचा म्हणता आलं असतं. पण संकटात माणसाची जीभ कुठं घसरेल ते सांगता येत नाही.

“सासऱ्यांचा,” सोपान म्हणाला.

भामाबाईनं तोंडाला पदर लावला. तिनं सोपानचे लालभडक, पाणावलेले डोळे बघितले. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला (आणखी एक पोपडा), तसं सोपाननं धाडकन दार लावून घेतलं. बिचाऱ्याला बोलवतसुद्धा नाही, असं भामाबाईला वाटलं आणि ती पदर सावरत गावात निघाली.

अनिता डोक्यावर पिठाचा डबा घेऊन परत आली, तेव्हा पडवीत पंधरा-वीस माणसं बसलेली. तिला बघताच बायकांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला.

“धीर धर गं बाई. केरबाआबा सोन्यासारखा माणूस हुता.”

“हुता?” अनिता किंचाळली. डबा खाली, पीठ पडवीभर. तिनं भाजे गावी माहेरी फोन लावला. तिचे वडील केरबाआबा यांनी स्वतःच उचलला.

“आबा! तुमी बरं हाय ना?”

“व्हय. का गं?”

“हितं लोक बसल्यात. तुमी गेला म्हणून!”

“मग जावई कुटंय? जेवायला घालतोय का न्हाई लोकांना?”

अनितानं फोन ठेवला आणि दारातून डोकावणाऱ्या नवऱ्याकडं असं बघितलं, की सासऱ्यांच्या जागी आपला फोटो लागतो की काय असं सोपानला वाटलं.

“पण मग फोटो कसला लावत हुता?” भामाबाईनं विचारलं. आणि मयताला आलेली सगळी माणसं, रिकाम्या हातानं परत कसं जायचं म्हणून, फोटो बघायला थेट आत घुसली. सोपान आडवा आला; पण टोलनाक्यावर दांडी तरी असते.

भिंत समोर होती. काळी, फुगलेली, चार ठिकाणी फॉइल लावलेली.

“वल!” भामाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद सोपाननं कधीच पाहिला नव्हता.

गर्दीत मागं इनायतही होता. केरबाआबांचं घर त्यानंच बांधलेलं, म्हणून तोही धावत आला होता. त्यानं पुढं येऊन फॉइलवर बोट फिरवलं, मग ती सोलून मागची बाजू बघितली.

“सोपानभाऊ, पाणी फॉइलच्या पुढनं हाय, मागनं कोरडी हाय. ही बाहेरची वल न्हाई.”

“म्हंजी घर गळत न्हाई?” सोपान उडालाच. “ऐकलं का सगळ्यांनी? घर गळत न्हाई!”

“कसं गळंल? तुमी फट ठेवलीय कुटं? भात शिजतोय, कपडे वाळताहेत, माणसं श्वास घेताहेत, आणि ती वाफ जायला जागाच न्हाई. ती बसती गार भिंतीवर, कपाटाच्या मागं. खिडक्या उघडा.”

“खिडकी उघडणार न्हाई.” सोळा वर्षांचा प्रश्न होता.

“मग वर एक झरोका पाडू. रस्त्याच्या बाजूला, उगवतीकडं.”

“रस्त्याच्या बाजूला? लोकांनी बघितलं म्हंजी? मागच्या बाजूला पाड.”

“मागं मावळत हाय, भाऊ. तिकडनं झड येती.”

“मला झड शिकवू नकोस, इनायत. सोळा वर्षं अडवलीय मी तिला.”

इनायतनं अनिताकडं बघितलं. अनितानं हात जोडले. इनायतला की देवाला, ते कळलं नाही. सोमवारी त्यानं पत्रा कापून पश्चिमेच्या भिंतीला चांगला टीचभर चौकोनी झरोका पाडला. घरात वारं खेळलं. वास गेला. सोपान दिवसभर झरोक्याखाली खुर्ची टाकून बसला.

मंगळवारी दुपारी झड आली. आडवी, सरळ झरोक्यातून, खोलीच्या मधोमध. अनिता पैठणीची घडी छातीशी धरून पलंगावर चढली. सोपान दोन्ही हातांनी झरोका दाबून स्टुलावर उभा होता आणि पाणी त्याच्या बाहीतून आत शिरून विजारीतून खाली गळत होतं.

दारात भामाबाई आली. हातात दोन पातेली, खांद्यावर फडकं.

“घ्या भाऊ. आमच्यात लय हायेत. आन तळाला फडकं टाका, न्हाईतर टिपटिप झोपू देत न्हाई,” ती म्हणाली. मग तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि एक पातेलं बरोबर सोपानच्या खाली ठेवलं.