करीमचाचांची बॅटरी

रमजानच्या महिन्यात, भर वैशाखात, करीमचाचा दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत. पण दर चौथ्या दिवशी सकाळी ते आपल्या स्कूटरच्या बॅटरीला मात्र स्वतःच्या हातानं पाणी पाजत. कुणी हसलं तर शांतपणे सांगत, "हिले रोजा माफ हाये. तब्येतीनं नाजूक हाये. सबब पाणी पाजतो."

हे 'सबब' त्यांच्या बोलण्यात सगळीकडे असे. करीमचाचा मंगरूळपीरच्या तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. तीस वर्षं अर्ज लिहून लिहून त्यांना साधं बोलताच येत नव्हतं. हॉटेलात ते चहावाल्याला म्हणत, "चहात साखर कमी आढळून आली. सबब वाढवून मिळावी." एकदा शेजारणीची बकरी त्यांचा वाळत घातलेला पायजमा चघळत होती. चाचा आरडाओरडा न करता तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सदर बकरी आमचा पायजमा खाऊन राह्यली. सबब बांधून ठेवण्यात यावी." शेजारणीला अर्ज कळेपर्यंत पायजम्याचा एक पाय गेला होता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, मेडशीहून आलेला, कचेरीत नकला उतरवणारा कारकून. चाचांची आणि माझी खोली एका भिंतीला लागून. माझ्या नोकरीचा अर्जही चाचांनीच लिहून दिला होता, आणि इतका अदबशीर की मुलाखतीत साहेबांनी तो दोनदा वाचला आणि मला प्रश्न विचारायचे विसरून गेले. आज मी पंच्याऐंशीचा आहे. चाचांच्या त्या बॅटरीबद्दल मंगरूळपीरात जे अजूनही सांगतात ते खरं नाही. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे, निदान पुष्कळ वर्षं मी असंच समजत होतो.

ती स्कूटर एका बदली होऊन गेलेल्या इंजिनिअर साहेबांची. परदेशी बनावटीची, हिरव्या रंगाची. तिला पायानं मारायची किक नव्हती. किल्ली फिरवायची आणि ती सुरू व्हायची. म्हणजे बॅटरी जिवंत तर गाडी जिवंत. गावात तेव्हा मोटारी चार होत्या, पण स्कूटर ही पहिलीच. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, घरापासून कचेरीपर्यंत दोनशे पावलं चालणाऱ्या माणसानं स्कूटर कशाला घ्यावी, हे कुणालाच उमगेना. शिवाय मागच्या बैठकीवर त्यांनी गोधडीची घडी शिवून बसवली होती आणि तिथं कुणाला टेकू देत नसत. कचेरीच्या शिपायानं एकदा मागे बसू का म्हणून विचारलं. चाचा म्हणाले, "ती जागा राखीव हाये."

गाडीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते वाचून मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे. मी एक वाक्य सांगायचं आणि चाचांनी त्याचं कलम करून एका जाड वहीत उतरवायचं. बॅटरीच्या तीन बुचांखाली पाणी पट्ट्या बुडतील इतकंच असावं, वर उतू जाऊ नये. पाणी फक्त शुद्ध केलेलं, विहिरीचं किंवा नळाचं कदापि नाही. तारा जोडतात तिथं पांढरी बुरशी धरली तर गरम पाण्यानं धुऊन, कोरडं करून, व्हॅसलीन लावावं. बुचं उघडी असताना जवळ विस्तव आणू नये. गाडी उभी असताना दिवा जळत ठेवू नये.

ही कलमं चाचांनी अशी पाळली की तशी कुणी देवाधर्माचीही पाळत नाही. त्यांच्या स्वतःच्या टाचा हिवाळ्यात उभ्या चिरल्या होत्या. पण डबीतलं व्हॅसलीन टाचांना लावायचं नाही, ते बॅटरीचं. बुचं उघडायच्या आधी ते गल्लीत येऊन दोन्ही बाजूंना बघत आणि पन्नास पावलांवर बिडी ओढणाऱ्यालाही विझवायला लावत. उन्हाळा लागला तसा त्यांनी स्कूटरभोवती वाळ्याचा पडदा बांधला. स्वतःच्या खिडकीला मात्र फाटकं गोणपाट.

पहिले पंधरा दिवस त्यांनी स्कूटर चालवलीच नाही. ती रोज थोडा वेळ सुरू ठेवली तर बॅटरी भरते, असं पुस्तकात होतं. म्हणून ते रोज सकाळी अंगणात, उभ्या गाडीवर, टोपी घट्ट बसवून, हँडल धरून पाव तास बसत. येणारे-जाणारे विचारत, "चाचा, कुठवर पोचले?" चाचा मागे न बघता सांगत, "कारंजा गेलं." पुढे रस्त्यावर आले तेव्हाही ओरडत ते असं, "बाजूले होजा, बॅटरी येऊन राह्यली."

स्कूटर कशासाठी, ते मला पहिल्या रोजाच्या संध्याकाळी कळलं. पाच मैलांवरच्या एका खेड्यात चाचांची थोरली बहीण राहायची. आपा. आई गेली तेव्हा चाचा तीन वर्षांचे होते. आपानंच त्यांना वाढवलं. सहा वर्षांपूर्वी ती शेवटची भावाकडे आली होती. मोटारीच्या वासानं तिला इतक्या उलट्या झाल्या की मोटारवाल्यानं अर्ध्या वाटेत उतरवून दिलं. बैलगाडीचे हादरे तिच्या कंबरेला सोसत नव्हते. तेव्हापासून ती म्हणायची, आता मी काही येत नाही, तूच येत जा.

"मोकळ्या हवेत वास नाही," चाचा म्हणाले, "आन खाली स्प्रिंगा हायेत, हादरा नाही. सत्ताविसाव्या रोजाले आणतो तिले. ईद माह्या घरी करन. सहा वर्सं झाले बाबू, ईदीले मी एकटाच शेवया खाऊन राह्यलो."

मला ते बाबू म्हणत. पुढं त्यांनी एक मोठी काचेची बाटली माझ्या हाती दिली. अकोल्याहून आणलेलं शुद्ध पाणी. रोजाच्या दिवसांत एवढं नितळ पाणी डोळ्यांसमोर नको, म्हणून महिनाभर ती माझ्या खोलीत राहावी. बाटलीवर कागद डकवला होता: 'सदर पाणी फक्त बॅटरीचे. सबब कोणीही पिऊ नये.' मी ती कोपऱ्यात ओल्या वाळूत उभी केली.

सहाव्या रोजाला चाचा कुणाच्या तरी दाव्यासाठी अकोल्याला गेले होते. भर दुपारी माझे वडील मेडशीहून आले. मोटारस्टँडपासून अनवाणी चालत आलेले, तोंड लाल, ओठ सुकलेले. दारातच बसले आणि म्हणाले, "पाणी दे रे." माझा माठ कोरडा होता. मी खानावळीत जेवायचो, तिथंच पाणी प्यायचो. माठ भरायचा आळस. वडिलांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. तरी मी बाटली उचलली आणि फुलपात्रात ओतली. एक फुलपात्र, दोन, तीन. बाटली संपली. वडील मिशा पुसत म्हणाले, "पाण्याले चवच नाही. पण जीव थंडा झाला."

ते संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले आणि मी रिकामी बाटली घेऊन बसलो. शुद्ध पाणी अकोल्याशिवाय मिळत नव्हतं. आमच्या चौकात एक विहीर होती. तिच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणे. बायका त्या पाण्यानं भांडी घासत आणि डाळीसाठी वेशीबाहेरच्या विहिरीवर जात. पण चौकातली विहीर वीस पावलांवर होती. मी बाटली तिथं भरली, पुसली आणि वाळूत ठेवून दिली. कागद तसाच होता.

चाचा त्याच संध्याकाळी अकोल्याहून परतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले. त्यांनी बाटली उन्हात धरली आणि म्हणाले, "पाह्य, किती निर्मळ हाये."

मी हो म्हणालो.

त्यानंतर दर चौथ्या दिवशी चाचा त्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीनं मोजून, 'बिस्मिल्ला' म्हणून, बॅटरीला पाजत राहिले. आधी हॉर्नचा घसा बसला. मग दिवा पिवळा पडला. चाचांना वाटलं, ऊन बाधलं. त्यांनी वाळ्याचा पडदा दुहेरी केला. सत्ताविसाव्या रोजाला पहाटे फजरची नमाज करून, धुतलेला पायजमा घालून, त्यांनी किल्ली फिरवली. खट् असा आवाज झाला. दुसऱ्यांदा तेवढाही झाला नाही.

चाचांनी किल्ली काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "ती ओट्यावर येऊन बसली असन." आणि उठून गणपत घाणीवाल्याकडे गेले. येताना त्यांच्यामागे त्याचा बैल होता.

त्या दिवशी आमच्या रस्त्यावरून काय गेलं ते ज्यांनी पाहिलं ते मरेपर्यंत विसरले नाहीत. पुढे बैल, त्याच्या जुवाला दोर, दोराला हिरवी स्कूटर, तिच्यावर हँडल धरून ताठ बसलेले करीमचाचा. बैलाची वेसण धरून मी. बैल तेलाच्या घाण्याचा. जन्मभर गोल फिरलेला. डोळ्यांवर झापडं बांधल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे, आणि वाटेत झाड दिसलं की मीच घाबरत असे, कारण झाडाजवळ आलं की त्याला वास येऊन समजे की हाच घाणा. वडाच्या झाडाला आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. चाचा मागून म्हणाले, "बाबू, सदर बैलाचा काही गैरसमज झालेला हाये."

आपा खरंच ओट्यावर बसली होती. मूठभर बाई, पांढरी ओढणी, मांडीवर गाठोडं. तिनं आयुष्यात स्कूटर पाहिली नव्हती. तिनं ती नीट न्याहाळली आणि म्हणाली, "बैल बी लावला का? चांगलं केलं." बसली. चाचांनी तिच्या हातात छत्री दिली.

परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आलं. मी त्या दिवशी पाणी प्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यानं काय होणार होतं कोण जाणे. वडाजवळ पोचलो की सांगून टाकायचं, असंही ठरवलं होतं. वड आला. बैल वळला. मी मागे बघून "चाचा" म्हणालो.

"बोलू नको बाबू," ते म्हणाले, "तोंड सुकते."

मी गप्प बसलो. त्या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली.

गावात शिरताना आपानं विचारलं, "करीम, भोंगा काहून नाही वाजवत? लोकायले कसं समजन मी आली म्हणून?" तेव्हा बावीस कोसांवरून आल्यासारख्या कोरड्या घशानं करीमचाचांनी तोंडानंच हॉर्न वाजवला. पों, पों, थेट घरापर्यंत. पोरं मागे धावत होती, दुकानदार पायऱ्यांवर उभे होते. आपा छत्रीखालून सगळ्यांना सलाम करत होती. दारात उतरून म्हणाली, "लय गुणाची गाडी हाये. ना वास, ना हादरा."

तेव्हापासून मंगरूळपीरात म्हणच पडली. फार काळजी घेऊन एखादी वस्तू बिघडवली की म्हणायचं, करीमचाचाची बॅटरी केली. लोक चाचांना तोंडावर विचारत, किती पाणी पाजलं हो? चाचा म्हणत, "ज्यास्त पाजलं. सबब दोष माहा." लोक हसत. मीही हसत असे. हे लिहिताना हात थांबतो, पण हसत असे.

पुढच्या महिन्यात नवी बॅटरी आली. किल्ली फिरवताच स्कूटर धडधडली आणि आपा दोन हात मागे सरली. "बैल कुठी हाये?" तिनं विचारलं. बैलाशिवाय ती त्या गाडीवर कधीच बसली नाही. मात्र ती परतही गेली नाही. ती भावाकडेच राहिली. माझी वर्षभरात बदली झाली.

दहा-बारा वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी मंगरूळपीरला गेलो. आपा आणखी लहान झाली होती. तिनं माझा चेहरा हातानं चाचपला आणि आतून ती जाड वही आणली. "करीम म्हणे, बाबू आला तं त्यालेच देजो."

परतीच्या मोटारीत मी ती उघडली. बॅटरीची कलमं, पाण्याच्या नोंदी, आणि त्या वर्षीच्या ईदेच्या आदल्या दिवसाचं एक पान:

'बाटलीतील शिल्लक पाण्यात मूठभर तुरीची डाळ टाकून चुलीवर ठेवली. दुपारपासून दिवस बुडून मगरिबची नमाज होईपर्यंत जाळ घातला. डाळ शिजली नाही. सबब पाणी चौकातील विहिरीचे. सहाव्या रोजाला अकोल्याहून परत येताना बाबूचे वडील मोटारस्टँडवर भेटले होते. म्हणाले होते की पोराच्या घरचे पाणी बेचव, परंतु जीव थंडा झाला. ते उन्हातून आले होते. तहानेल्यास पाणी देणे योग्यच. आपा आलेली आहे. सबब तक्रार नाही. दोष माझा.'

खाली सहीसाठी जागा होती. ती कोरीच होती.

मी जन्मभर नकला उतरवल्या. मूळ कागदात एक काना बदलायचा नाही, बदललाच तर शेजारी बारीक सही करायची, हा आमच्या खात्याचा नियम. काल मी ती वही काढली. 'माझा' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर माझं पूर्ण नाव लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली. वाचून पाहिलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. 'दोष'च्या आधी 'सबब' राहून गेलं होतं. तेही लिहिलं.