खदानीवरचा आहेर

जगदेव सकाळी खदानीवर पोचला तेव्हा दोन हरणं अंजनाचे कोवळे शेंडे चघळत उभी होती. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या रोपाकडे वळली. जगदेवच्या तोंडून जी शिवी निघाली ती हरणांसाठी नव्हती. हरणांनी काय केलं होतं? पोट भरलं होतं. शिवी होती रस्त्याच्या मुरमासाठी गावचं माळरान पोखरून पसार झालेल्या ठेकेदाराला, आणि दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप उभं करून फोटो काढणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना. तीन वर्षांत फोटो वाढले, झाड एकही वाढलं नाही. रोपांना पाणी घालणारा, आळी करणारा गावात एकटा जगदेव.

त्यानं साहेबांकडे कुंपण मागितलं. कुंपण पुढच्या टप्प्यात आहे, असं साहेबांनी सांगितलं.

"मंग हरणायले बी सांगा, पुढच्या टप्प्यात या म्हनाव," असं ऐकवून जगदेव खुर्चीवरून उठला.

शिरपूरकडच्या शेतांना लोक जुन्या साड्या बांधतात. साडी वाऱ्यानं फडफडते, जनावर बिचकतं. जगदेवनंही घरोघरी फिरून एकेक जुनी साडी मागितली, आणि इथंच तो फसला. जुनी साडी कोणती बाई देते? जुनी साडी मऊ असते, तिची गोधडी होते. बाई देते ती आहेरात आलेली, रंग पाहूनच नाक मुरडलेली, घडीसुद्धा न मोडलेली. दोन दिवसांत खदानीभोवती रोवलेल्या खांबांवर असा लखलखाट झाला, की शिरपूरची एसटी तिथं आली की हळू व्हायची.

पहिली बोंब गावातल्या शीलानं ठोकली. आपल्या भावाच्या लग्नात हिरीबाईला नेसवलेली मोरपंखी साडी तिनं एसटीच्या खिडकीतून ओळखली. पुढच्याच थांब्यावर ती उतरली आणि तडक हिरीबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"म्या देल्लेली साडी हरणायले दाखवाले देल्ली काय वं?"

"तुयी साडी म्या कवाच प्रयागले देल्ली, तिच्या पोरीच्या लग्नात," हिरीबाई म्हणाली. "अन् तू देल्ली तवाच तिची घडी पिवळी पडेल होती. तुले कोनं देल्ली होती, ते सांग आंधी."

प्रयाग म्हणजे जगदेवचीच बायको.

दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या बाया खदानीवर. साड्यांच्या कुंपणाच्या कडेकडेनं पदर उलटवत जी ती तपास करत होती, आपण कोणाला काय दिलं आणि तिनं ते कुठं टांगलं. कोणाच्या जावेचा आहेर निघाला, कोणाच्या नणंदेचा. बायांनी आपण दिलेल्या साड्या सोडून नेल्या आणि उट्टं काढायला समोरचीनं दिलेल्या साड्या पेटीतून काढून तिथंच बांधल्या. सकाळी भांडण, संध्याकाळी भांडण. हे रान आहे, बस्त्याचं दुकान नाही, असं जगदेव घसा फाटेस्तोवर ओरडायचा. ऐकतं कोण? घरी प्रयागबाई त्याच्यापुढे ताट आदळायची. त्याच्या झाडांपायी तिचं गावभर नाक कापलं गेलं होतं.

महिनाभर हे सोसून तो सरपंच फुलचंदकडे गेला.

"भाऊ, ह्या बायायले चूप करा. मले माह्याच झाडापाशी उभं राहाले भेटत नाही."

फुलचंदनं सगळ्या बायांना देवळात बसवलं आणि एकच विचारलं, की आलेला आहेर जिनं कधी पुढे सरकवला नाही, तिनं हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. आधी हिरीबाईला हसू फुटलं, मग शीलाला. हळदीकुंकू झालं, चहा झाला. खदानीवर कोणी पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

आता निवांत झाडं पाहू म्हणून जगदेव गेला, तर आत हरणांचा कळपच शिरलेला. एका हरणानं फडफडत्या पदराला पाठ घासली आणि बेहड्याचा शेंडा खुडला. साड्यांना हरणं कधी भ्यालीच नव्हती. महिनाभर ती भ्याली होती बायांच्या तोंडाला. त्या महिन्यात रोपांना वीतभर पालवी फुटली होती. रागाच्या भरात जगदेवला ती दिसली नाही. दिसली ती आज, अर्धी हरणांच्या पोटात गेल्यावर.

साहेब फोटोत, बाया हळदीकुंकवात, आणि सलोखा करायची दुर्बुद्धी त्याची स्वतःची. राग काढायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. मग तो घरी गेला. प्रयागबाई शेजारी गेली होती. त्यानं तिची पेटी उघडली. भावानं भाऊबीजेला घेतलेली जरीची साडी तिनं तळाशी कापडात गुंडाळून ठेवली होती. सणालाही ती नेसायची नाही. जगदेवनं ती रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांत उंच खांबाला बांधली आणि तो वाट पाहत बसला.

रस्त्यावरून बातमी गावात जायला फार वेळ लागला नाही. प्रयागबाईच्या आधी तिचा आवाज पोचला. ठरलेलं सारं मोडून मागून शीला आणि हिरीबाईही येत होत्या. हरणांनी कान टवकारले आणि खदानीपलीकडे उड्या टाकल्या.

"अवो, माह्या भावाची साडी? हरणायले?"

जगदेवनं उरल्यासुरल्या रोपांकडे पाहिलं. मेहुणा तसा भला माणूस होता, त्याच्याबद्दल जगदेवच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. तरी त्यानं घसा खाकरला.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "तुह्या भावानं बी कोनाच्या आहेरातलीच देल्ली असन."