आक्काचं कोरं विमान

नवं विमान परदेशातल्या कारखान्यातनं बाहेर पडलं, की विमान कंपनीच्या मालकाच्या आधी मला कळतं! खोटं वाटतंय? या कधीही कोल्हापुरात, शाहूपुरीत. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी दोनशे पानी वही असते. कुठलं विमान कधी जोडून झालं, कधी रंगवलं, चाचणीला किती वेळा उडालं, मुंबईत कधी उतरणार आणि कुठल्या मार्गावर लागणार, सगळं मोबाईलवर शोधून त्यात लिहिलंय. म्हशीची वेतंसुद्धा आमच्याकडं कुणी इतकी चोख लिहून ठेवत नाही.

हे ज्याला बघवत नाही तो म्हणजे शेजारचा हार्डवेअरवाला केरबा. शिवाजी पेठेतला. २०११ साली मेव्हण्याकडं लंडनला जाऊन आला, ते अजून त्याच्या डोक्यातनं उतरलेलं नाही. रोज माझ्या दुकानात चहाला येतो आणि चहा येईपर्यंत किल्लीनं माझ्या बाकड्यावर स्वतःचं नाव कोरत बसतो.

"अमरसिंह, इमानाचं आमाला नगं सांगू. आमी बसून आलोय. तू बसलायस का कवा?"

"डॉक्टरला काय सगळं रोग हून बघावं लागत्यात व्हय?"

केरबानं चहाची बशी तोंडाला लावली!

तर माझी थोरली बहीण बायडाबाई. आम्ही आक्का म्हणतो. आजऱ्यात काजूचा कारखाना एकटीनं चालवलेली बाई, कुणाचं ऐकायची नाही. फक्त विमानाच्या बाबतीत माझं ऐकायची, तिथंच घात झाला. तिची लेक अनुजा लंडनला. पहिलं बाळंतपण, तारीख अठ्ठावीस. जावई राजवीरनं आक्काचं चौदा तारखेचं तिकीट काढून पाठवलं.

आक्काचं एकच म्हणणं होतं. "पोरीच्या कळा सुरू झाल्या की मी उशाला पायजे. माझ्या वक्ताला हिरण्यकेशीला पूर आल्ता, आई पोचली न्हवती. ती भीती मी अजून इसरलो न्हाई."

मी वही उघडली आणि कपाळावर हात मारला. चौदाला जाणारं विमान एकोणीस वर्षांचं!

"आक्का, ह्यात बसणार तू? अगं, मोडीत घालायचं धूड ते! बारा तारखेला कोरं विमान येतंय. एकवीसला लंडनला लागतंय. पाय लांब सोडायला जागा, खिडक्या परातीएवढ्या!"

"कोरं?" आक्काचे डोळे चमकले. "मग त्यांनी पूजा केली आसंल का न्हाई?"

आता आमच्याकडं नवी सायकल आणली तरी नारळ फुटल्याशिवाय कुणी पायंडल मारत नाही. आक्कानं लगेच पिशवी भरायला घेतली. नारळ, हळदकुंकू, लिंबू-मिरची.

"चाकं किती असत्यात रं त्येला?"

"दहा."

"मग लिंबं धा घेतो."

राजवीरनं कुरकुरत तिकीट एकवीसचं केलं. माझी बायको कालिंदी म्हणाली, "अहो, बाळ काय तुमची वही वाचून येणार न्हाई!" मी लक्ष दिलं नाही. ज्ञानी माणसाला घरात किंमत नसतेच.

बारा तारीख आली. विमान आलं नाही!

"आक्का, विमान तयार हाय गं, पण खुर्च्या बसवायच्या ऱ्हायल्यात."

"मग उभ्यानं न्हे म्हणावं! यष्टीत जातोच की!"

राजवीरचा फोन आला. "मामा, तुम्ही म्हणता म्हणून आता सव्वीसचं करतोय. नक्की ना?"

"जावईबापू, लिहून देतो!" आणि दिलं की लिहून, व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली सही करून!

एकोणीसला विमान मुंबईत उतरलं. मी गल्लीभर पेढे वाटले. केरबानं दोन खाल्ले आणि विचारलं, "तू घेतलंस काय इमान?" त्याला काय कळतंय!

बावीसला कंपनीनं नवं वेळापत्रक काढलं. कोरं विमान मेलबर्नला! लंडनला जुनंच! मी वही मिटली. आक्का तयारी करून आमच्याकडंच येऊन राहिली होती, तिच्यासमोर जायची छाती होईना. शेवटी कालिंदीला हळूच म्हणालो, "एक मार्ग हाय. आक्कानं आधी मेलबर्नला जायाचं, तिथनं..."

"आजऱ्याला जाताना तुम्ही नागपूरवरनं जाता काय हो?"

चोवीसला सकाळी राजवीरचा फोन आला. "मामा, अनुजाला दवाखान्यात आणलंय. कळा थांबून थांबून येतायत. डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या."

आक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पिशवी मांडीवर घेऊन बसली. "अमऱ्या," ती म्हणाली, "चौदालाच गेलो असतो, तर आत्ता उशाला असतो न्हवं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी मला ती वही बंबात घालावीशी वाटली.

राजवीरनं कसंबसं पंचवीसच्या दुपारचं तिकीट मिळवलं. कालिंदी म्हणाली, "कोल्हापुरातनं मुंबईला विमान हाय की!"

"पंख्याचं! तसल्यात मी बसत न्हाई," म्हणालो आणि गाडी काढली. परातीएवढ्या खिडक्या मागणारा मी, वाटभर अंबाबाईला विनवत होतो, "आई, पंख दोन असलं तरी बास, पर आक्काला पोचीव!"

मुंबईला विमानतळाच्या दारात मोबाईल बघितला. लंडनला कुठलं विमान लागलंय? तेच! चौदाला आक्का ज्यानं गेली असती तेच! एकोणीस वर्षांचं!

आक्का दारात थांबली. "खरं सांग. कोरंच हाय न्हवं?"

"कोरं म्हणजे? खुर्च्यांवरचं प्लास्टिक बी काढलं नसंल अजून!"

जीभ झडली नाही, एवढंच.

थोड्या वेळानं आतनं आक्काचा फोन. "नारळ काढून घेतला मुडद्यांनी. लिंबं दिली सोडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, पण हातात काम धरवेना. विमान लंडनला टेकलेलं मोबाईलच्या नकाशावर बघितलं होतं, पुढं काही कळत नव्हतं. केरबा आला, तोही किल्ली खिशातच ठेवून बसला. फोन वाजला. पलीकडनं आधी तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

"पोरगी झाली रं, अमऱ्या! मी आत गेलो, अनुजानं माझा हात धरला, आन् अर्ध्या तासात सुटली बघ! वक्ताला पोचलो!"

मी ढसाढसा रडलो. केरबानंही उपरण्यानं डोळे पुसले. पण मी काय असा तसा गडी? लगेच छाती पुढं काढली आणि फोन स्पीकरवर टाकला, केरबाला ऐकू जावं म्हणून.

"बघ आक्का, म्हटलं न्हवतं? कोरं विमान कसं पळतंय!"

"पळालं की! पूजा बी केली. खुर्चीला हळदकुंकू लावलं. ती साडीतली पोरगी हसाय लागली, मग तिला बी लावलं. आन् जेवान आलं तवा म्होरलं फळकूट खाली वढलं."

"बरं, मग?"

"त्येच्यावर किल्लीनं कोरलंय. 'केरबा, शिवाजी पेठ, २०११.'"

मी केरबाकडं बघितलं. केरबा माझ्या बाकड्याकडं बघत होता.

"सांगत हुतो की," तो म्हणाला, "आमी बसून आलोय म्हणून! चांगलं हाय ते इमान!"

"अमऱ्या, ऐकतोयस न्हवं?" आक्का फोनमधनं ओरडली. "नातीच्या पयल्या वाढदिवसाला तू यायचंस! राजवीर तिकीट काढतोय. त्याच जुन्या विमानाचं काढ म्हटलंय. केरबाच्या खाली जागा हाय, तुझं नाव लिव्ह!"

मी अजून हो म्हटलेलं नाही. वही बघून सांगतो म्हटलंय. आता तुम्हाला म्हणून सांगतो, केरबाला कळू देऊ नका. दुकानाच्या माळ्यावरनं वायरचं बंडल काढायचं झालं, तरी शिडीवर मी कालिंदीलाच चढवतो.