तीन सेलच्या भागरथाबाई

भागरथाबाई माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, अंगणात रखरखीत ऊन होतं आणि त्यांच्या हातात बॅटरी होती. टॉर्चला आमच्याकडे सगळे बॅटरीच म्हणतात. आत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी ती माझ्या खाटेखाली रोखली, मग ट्रंकेच्या मागे, मग पाण्याच्या ड्रमात आणि सगळ्यात शेवटी माझ्या तोंडावर. मी झाडू हातात धरून उभी.

“हं,” त्या म्हणाल्या, “मानूस दिसते.”

एवढं प्रमाणपत्र देऊन त्या खाटेवर बसल्या आणि चहा कुठवर आला विचारलं. चहा ठेवता ठेवता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतका वेळ त्यांची बॅटरी लागलेलीच नव्हती.

मी वर्ध्याची. नवी नवी नोकरी लागली ती सावली तालुक्यातल्या जंगलात. शाळेच्या गावी खोली मिळेना, म्हणून पाच किलोमीटर अलीकडच्या या गावात राहिले. मध्ये सगळं रान, एक नाला, आणि नाल्याच्या अलीकडे एक वळण, गावकऱ्यांच्या भाषेत मोड. भागरथाबाईंचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. साठी उलटलेली, काटकुळी बाई, हिरवं लुगडं, आणि कमरेला खोचलेली तीन सेलची स्टीलची बॅटरी. माणसं जशी पायात चप्पल घालून निघतात तशा या बॅटरी घेऊन निघत. रेशनच्या दुकानात बॅटरी, बारशाला बॅटरी, मतदानाच्या रांगेतही बॅटरी. कोणी हसलं की म्हणत, “पहिले बॅटरी, मंग बाकी.”

पण दिवसा त्या बॅटरीत एक सेल उलटा घातलेला असे. चुकून खटका दाबला गेला तर सेल जळू नयेत म्हणून. मी विचारलं, “बाई, मग दिवसभर ती घेऊन फिरता कशाला?”

“जनावराले काय मालूम, सेल उलटा हाय म्हून?”

आमच्या भागात वाघाला सहसा कोणी वाघ म्हणत नाही. जनावर म्हटलं की समजायचं. 

दुपारी चारचा चहा झाला की सेल सरळ करायचा कार्यक्रम. झाकण फिरवून काढायचं, सेल लुगड्याला पुसायचे, फुंकर मारायची, झाकण घट्ट करायचं आणि भिंतीवर एकदा उजेड पाडून बघायचा. सेल मंदावले की छपरावर मोहफुलांशेजारी वाळत पडत. त्या बॅटरीला तीन पोचे होते आणि तिन्ही त्या पाहुण्यांना दाखवत. एक पिसाळलेल्या कुत्र्याचा. दुसरा बाजारातून मागे लागलेल्या एका बेवड्याचा. तिसरा नवऱ्याचा. “त्यायले मारली नाई जी,” त्या घाईनं सांगत, “त्यायच्या हातून पडली होती.”

गावातल्या प्रत्येक मुलीला लग्नात त्यांचा आहेर ठरलेला, एक बॅटरी. एकदा नवरदेवाचा मामा बिथरला. आमच्या घरी काय लाइट नाही का, म्हणाला. भागरथाबाई शांतपणे म्हणाल्या, “घरी हाय जी. रस्त्यावर काय हाय?” मामा जेवायला बसला.

मला मात्र त्यांची एक खोड अजिबात आवडत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मॅडम, लेकरं कितव्यात हायेत तुमची?” आठवड्यानं विचारलं, “सुना गिना आल्या का?” माझा आवाज जाडाभरडा आहे हे मला ठाऊक आहे. फोनवर लोक मला सर म्हणतात. पण चोवीस वर्षांच्या अविवाहित मुलीच्या तोंडाकडे बघून सुनांची चौकशी करायची म्हणजे थट्टेलाही हद्द असते. मीही मग फणकाऱ्यानं सांगितलं, “हो, चार सुना आहेत. चारही आळशी.” त्यांना फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी मला वाटीभर भाजी आणून दिली.

आमच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायला चंद्रपूरहून एक सर आले. पांढरा पोशाख, काळा पट्टा, दोन्ही पाय कायम फाकवलेले. ही बातमी मीच मूर्खासारखी घरी सांगितली होती. सकाळी भागरथाबाई बॅटरीसकट माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. शाळेत पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

सर म्हणाले, “समजा, एखाद्या मुलीला कोणी पाठीमागून धरलं...”

“मांगून धरेपर्यंत पोरगी काय करून राह्यली होती?” भागरथाबाईंनी विचारलं.

मुली खुदखुदल्या. सर सज्जन होते, हसून म्हणाले, “या बाई, तुम्हीच दाखवा.”

त्या उठल्या. मुलींकडे वळून म्हणाल्या, “बॅटरी डाव्या हातात. जेवनाचा हात मोकळा ठेवाचा. जनावर असन तं त्याच्या तोंडावर नाई मारायची, पुढच्या जमिनीवर मारायची आन् मोठ्यानं बोलत मांगं मांगं सरकायचं. मानूस असन तं सिधी डोऱ्यात.” डोळ्याला आमच्याकडे डोरा म्हणतात. त्यांनी सरांच्या तोंडावर बॅटरी रोखून खटका दाबला. काहीच झालं नाही. दुपारचे बारा वाजले होते, सेल उलटाच होता.

“आता काय करणार?” सरांनी विचारलं.

भागरथाबाईंनी बॅटरीचा बुडखा त्यांच्या पोटात मारला. “नाई लागली तं हे.”

सर खाली बसले. मुलींनी इतक्या टाळ्या पिटल्या, की मुख्याध्यापक धावत बाहेर आले. सरांनी मात्र श्वास जमल्यावर बॅटरी हातात घेऊन तोलून पाहिली आणि मुलींना म्हणाले, “बाई बरोबर सांगतात.” भागरथाबाई परत येताना भलत्याच खुशीत होत्या. मध्येच म्हणाल्या, “सर केवढा होता जी? आवाज तं लय उंचावरून येत होता.” मी म्हटलं, पुन्हा थट्टा सुरू झाली.

संध्याकाळी मी शाळेतून परतायचे तेव्हा त्या नाल्याच्या वळणावर उभ्या असत. येणाऱ्या प्रत्येक गाडीवर दोनदा बॅटरी मारायच्या. दोनदा लागली, दोनदा विझली. सांजच्याला रानात कोणाला नावानं हाक मारू नये असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे सगळं बोलणं उजेडाचं आणि हॉर्नचं. एसटीचा ड्रायव्हर एक लांबलचक हॉर्न द्यायचा, दूधवाला सायकलची घंटी वाजवायचा, फॉरेस्टवाल्यांची जीप पोंपों करत जायची. माझे दोन छोटे हॉर्न. कधी थांबून विचारलं तर म्हणत, “पाय मोकळे करायले येते जी.”

गावात कळलं ते असं. त्यांचा नवरा मूल गावच्या राइस मिलमध्ये होता, रोज सायकलनं यायचा, आणि या त्याला घ्यायला वळणावर उभ्या राहायच्या. त्याला जनावरानं नाही नेलं. तापानं अंथरुणात गेला, त्याला आता दहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. नवरा गेला, वळणावर जाणं राहिलं. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मी शाळेत मधल्या सुट्टीत वळणावरच्या ट्रॅफिक पोलीसबाईची नक्कल करून सगळ्यांना हसवत होते.

त्या हिवाळ्यात नाल्याच्या रेतीत जनावराचे पंजे उमटलेले दिसले. फॉरेस्टवाल्यांनी गावात भोंगा फिरवला, की पाचनंतर त्या बाजूला कोणी जाऊ नये. गाड्यांची ये-जा जवळजवळ थांबली. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी स्कूटी बंद पडली. ती शाळेतच ठेवली. एका सहकाऱ्याला दुपारी सावलीला जायचं होतं, त्याच्याबरोबर गेले, काम केलं आणि तिथून एसटीनं घरी आले. ही एसटी गावाच्या दुसऱ्या टोकानं येते. सहाच्या सुमाराला घरात होते. दार लोटून घेतलं, चहा केला, आईशी फोनवर गप्पा मारल्या. शेजारचं दार बंद होतं, तिकडे माझं लक्षही गेलं नाही.

साडेसहाला समोरच्या कांताबाई दाराशी येऊन थबकल्या.

“मॅडम, तुमी घरी? मंग भागरथाबाई मोडावर कोनाची वाट पाहून राह्यली?”

मी तशीच पळाले. मागून कांताबाईचा नवरा काठी घेऊन येत होता. अंधार पडला होता. वळणावर रस्त्याच्या मधोमध भागरथाबाई उभ्या होत्या, नाल्याकडे तोंड करून. दोनदा बॅटरी मारायच्या, थांबायच्या, कान द्यायच्या, परत दोनदा मारायच्या. पावलांचा आवाज ऐकून त्या गर्रकन वळल्या आणि सगळा उजेड माझ्या तोंडावर आला. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. मला धाप लागली होती.

“कोन हाय जी?” त्या म्हणाल्या. “आमची मॅडम दिसली का कुठी? आज हॉर्न नाई आला तिचा.”

तीन सेलचा लख्ख उजेड माझ्या तोंडावर होता. आणि त्या मलाच विचारत होत्या.

“मीच आहे, बाई.”

त्यांनी हात पुढे करून आधी माझा दंड चाचपला, मग खांदा. मग इतक्या चिडल्या की विचारू नका. “मंग हॉर्न काऊन नाई वाजवला? इथी माझा जीव टांगनीले लागला!” स्कूटी नाही तर हॉर्न कुठून वाजवू, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. घरी येताना बॅटरीचा उजेड पूर्ण रस्ताभर माझ्या पायांपुढे होता. त्या स्वतः सवयीनं चालत होत्या.

दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकलेला होता. दोन वर्षांपासून त्यांना माणसं म्हणजे नुसते ठिपके दिसायचे. वळणावर कोण आलं, कोण राहिलं, हे त्या हॉर्नवरून धरायच्या. शेवटचा हॉर्न आला की घरी. शेवटचा हॉर्न रोज माझा असे.

“सांगितलं काऊन नाही कोणाला?” माझ्या तोंडी त्यांची बोली आली होती.

“डोरे गेले म्हटलं असतं तं मोडावर कोन उभं राहू देल्लं असतं?”

ऑपरेशनला त्या काही केल्या तयार होईनात. पंधरा दिवस घरात बसायचं, मग मॅडम येईल कशी? मी शपथेवर सांगितलं, की पंधरा दिवस मी सावलीवरून फिरून एसटीनं येईन. मग गडचिरोलीला नेलं. आधी एक डोळा केला. डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की बॅटरी आत नेता येईल का. नेऊ दिली नाही. ती सांभाळत मी बाहेर बाकावर बसले आणि मला फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. त्यांनी हात पुढे केला, मी बॅटरी दिली. सवयीप्रमाणे त्यांनी ती माझ्या तोंडावर रोखली. सेल उलटाच होता. बराच वेळ बघत राहिल्या.

“वय काय जी तुमचं?”

“चोवीस. आता पंचविसावं लागलं.”

“आन् त्या चार सुना?”

मी कान धरले. त्या हसल्या नाहीत. परतीच्या प्रवासभर एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवसही जेवढ्यास तेवढंच. मला वाटलं, बाई रागावली. एवढं खोटं म्हाताऱ्या माणसाशी बोलायला नको होतं.

सोळाव्या दिवशी मी स्कूटीनं शाळेत गेले. संध्याकाळी शाळेतून निघाले तेव्हा मनात एकच, आता वळणावर दिसतील, गाडी थांबवून माफी मागू. नाला अजून बराच पुढे होता. तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली उजेड दोनदा लागला, दोनदा विझला. मी करकचून ब्रेक दाबला.

हिरवं लुगडं, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, डाव्या हातात बॅटरी. वळणापासून नाला ओलांडून चांगल्या दीड किलोमीटर पुढे आल्या होत्या. फॉरेस्टवाल्यांच्या जीपला हात दाखवून बसून आल्या, हे मला नंतर कळलं.

“बाई, इतक्या पुढं कशाला आलात? वळणावर उभ्या राहायच्या ना!”

“मले वाटे, आपल्या बरोबरीची बाई हाय, नाला तं येईल पार करून आपली आपली.” त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. “एवढीशी पोरगी हाय, हे कोनं सांगितलंच नाई मले.”

मी गाडी सुरू केली. त्या मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं माझ्या कानाजवळून रस्त्यावर उजेड धरला. आजवर त्या मला अहो-जाहो करत आल्या होत्या.

“चाल,” त्या म्हणाल्या, “आन् नाल्यात गाडी हळू घेजो, पोरी.”