खापरवाडी हॉल्टवर शून्य माणसं

"आमचा थांबा बंद करणारा अजून जन्माला यायचाय!" सोजरबाईंनी मेथीची पाटी फलाटावर आपटली.

"जन्मला, शिकला आणि साहेबही झाला," सीताराम म्हणाला आणि त्याने रेल्वेचा कागद पुढे केला. सीताराम म्हणजे खापरवाडी हॉल्टचा कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट. स्टेशनमास्तर, हमाल आणि झाडूवालाही तोच.

सोजरबाई पंचावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. अक्षराखाली बोट धरून त्यांनी कागद वाचला. 'प्रवासी नसल्याने थांबा रद्द करण्याचा विचार आहे. सोमवारी सकाळच्या लोकलमधून अधिकारी स्वतः मोजणी करतील.'

"प्रवासी नसल्याने? आन् मग मी कोन हाय?"

त्यांचा राग खराच होता. हे स्टेशन कुणी दान दिलेलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात भाजी विकणाऱ्या बायका रोज पहाटे रुळाशेजारी पाट्या घेऊन उभ्या राहायच्या. गाडी थांबेना, बायका हटेनात! वर्षभराने लाज वाटली ती गाडीला. त्या बायकांत सोजरबाई पहिल्या. हा थांबा गेला, तर कसबा पेठेतलं गिऱ्हाईकही गेलंच.

नात चैताली बुधवार पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानात होती. ती म्हणाली, "आजी, पास आपण सगळे मोठ्या स्टेशनवरून काढतो ना? मग डेटामध्ये आपण तिकडचेच. सिंपल आहे."

"म्हंजे पंचवीस वर्सं इथनं माझं भूत चढतंय व्हय? सोमवारी दावते त्या कॉम्प्युटरला!"

रविवारी सोजरबाई घरोघर फिरल्या. "उद्या समद्यांनी हितलंच तिकीट घ्यायचं. आन् पास घरीच ठेवायचे! पास दिसला की साहेब म्हननार, हे तिकडचे."

सोमवारी फलाटावर एकशे बारा माणसं! खिडकीपुढची रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढतच चाललेली. सीताराम आनंदाने तिकिटं फाडत होता. एकेचाळिसाव्या गिऱ्हाइकाला त्याने हात जोडले.

"संपली!"

"काय संपली?"

"तिकिटं! दिवसाला पंधरा खपतात हो इथे. चाळीस होती, हेच नशीब!"

तेवढ्यात लोकल आली.

"तिकीट मिळालेले चढा रे!" सीताराम ओरडला.

"खबरदार!" सोजरबाई गरजल्या. "चढायचं तर समद्यांनी! आन् बिनतिकिटाचं कुनी चढायचं न्हाई. आपन चोर हाय का?"

एकशे बारा माणसं ताठ मानेने उभी. एकही हलेना! गार्डाच्या डब्यात बसलेल्या साहेबांनी बाहेर पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि वहीत एक गोल काढला.

सोजरबाईंनी वाकून पाहिलं. बाकी अक्षरं उशिरा आली असतील, पण शून्य लांबूनही ओळखता येतं!

"अवो साहेब, ही माणसं दिसंनात का?"

"दिसतात. चढलेली दिसत नाहीत."

सोजरबाईंनी पाटी थेट साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः आत चढल्या. गार्ड शिट्टी गिळायचाच बाकी होता. "चढा रं समदे!" सोजरबाईंनी आतून हाक दिली.

शिवाजीनगरला तपासनीस उभेच होते. बहात्तर जण बिनतिकिटाचे! कुणी पळेना, कुणी रडेना. उलट दंडासाठीही रांग लागली!

"पावतीवर कुठून चढले ते लिवा. ठळक!" सोजरबाई प्रत्येक पावती बोट ठेवून वाचत होत्या. "हितं 'खापर'च लिवलंय, वाडी कुटं गेली?"

तपासनिसाचं पावतीपुस्तक संपलं. मग घामही संपला. चैताली दुकानात पोचली ती जेवणाच्या सुट्टीत.

तीन महिन्यांनी पत्र आलं. सोजरबाईंनी ते फलाटावर मोठ्याने वाचलं. 'विनातिकीट प्रवाशांचं प्रमाण संपूर्ण मार्गावर खापरवाडी येथे सर्वाधिक आढळल्याने थांबा चालू ठेवण्यात येत असून, तेथे कायमस्वरूपी तपासनीस नेमण्यात येत आहे.'

चैतालीने कपाळाला हात लावला. "आजी, अख्खं गाव रेकॉर्डवर चोर झालं गं!"

सोजरबाईंनी पत्राची घडी घालून कनवटीला खोचली.

"हूं दे की. भल्या मानसांसाठी गाडी थांबत न्हवती, चोरांसाठी थांबती. चल, पाटी उचलू लाग!"