निर्मलाबाईचा पिच्चर

रूपसिंग आड्याच्या नातीला, पूजाला, पहिली लेक झाली ते साल दोन हजार चोवीस. पोरगी जानेवारीत झाली, पण तिचं नाव त्याच्या आधीच ठरलेलं होतं. निर्मला. रूपसिंगाच्या वारलेल्या बायकोचं नाव. पूजाची सासू रुक्माबाई म्हणजे डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची जबरदस्त बाई. सूर्य उगवला तरी तिची हरकत असायची! पण या नावाला तीसुद्धा म्हणाली, "ठेवा की इवाई, नाव चांगलं हाय."

रूपसिंगाने तिथंच हात जोडून गप्प बसायला हवं होतं.

"नाव तर ठेवूच," तो म्हणाला, "पर आधी तुमाला तिचा पिच्चर दाखवतो! अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कोन्या बाईवर पिच्चर निघाला, सांगा बरं!"

त्या पिच्चरची हकीकत अशी. आदल्या वर्षी हळदीच्या हंगामात नांदेडहून तीन पोरं कॅमेरा घेऊन शिरड शहापूरजवळच्या या तांड्यावर आली. त्यांचा म्होरक्या रवींद्र. दाढी राखलेला, बोलायला गोड. "आजोबा, इथली एखादी सत्य घटना सांगता का? अंगावर काटा येईल अशी?"

"आमच्या तांड्यावर खोटी घटना घडतच न्हाई!" रूपसिंगाने छाती काढली आणि आपली सगळ्यात आवडती गोष्ट सांगितली.

तीस वर्षं झाली असतील. बालाजी लाईनमन तेव्हा नवाकोरा होता. भर दुपारी तो तांड्याच्या खांबावर चढलेला. खाली चिटपाखरू नाही. निर्मलाबाई हळद घासून येत होती. नखशिखांत पिवळी! भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, दात तेवढे पांढरे. अंगावर आरशांनी मढवलेला फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी, डोक्यावर टुकरीची ओढणी, हातापायांत खळखळ वाजणारा दागिना. तिला दया आली, लेकरू उन्हात लटकलंय. तिने खालून हाक मारली, "उतर रे, भाकर खा!" बालाजीने खाली पाहिलं. आरसे चमकले, पिवळं तोंड हसलं, आणि बालाजी पिकल्या सीताफळासारखा सुटला तो थेट हळदीच्या पाल्याच्या ढिगात! कोपर खरचटलं. निर्मलाबाईने त्यावर हळद दाबली, भाकर खाऊ घातली आणि तीन दिवस हसत राहिली. पुढे बालाजीने तिला बहीण मानलं. दर भाऊबीजेला साडी घेऊन यायचा. ती साडी तिने कधी नेसली नाही, पण कुणाला दिलीही नाही.

रवींद्र ऐकत होता. गोष्ट हसायची होती, पण तो हसला नाही. रूपसिंगाला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

"आजोबा, त्यांचा तो पोशाख मिळेल?"

रूपसिंगाने पेटी उघडली. बारा वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता तो फेटिया, ती कांचळी, ती टुकरी काढून दिली. पिच्चरात बायकोचं काय होणार, हे त्याने विचारलं नाही. जे घडलं तेच होणार, दुसरं काय होणार?

मार्चच्या शेवटी पिच्चर मोबाईलवर आला. पण मोबाईलवर कसा दाखवायचा? रूपसिंगाने पडदा आणि प्रोजेक्टर मागवला, शाळेची खोली मागून घेतली, अंधार करायला खिडक्यांना खताची पोती ठोकली. एका खिडकीचं पोतं मात्र बांबूच्या काठीने नुसतं टेकवून ठेवलं, वारा यायला. रविवारी दुपारी अख्खा तांडा खोलीत. पुढच्या रांगेत खुर्चीवर रुक्माबाई, मांडीवर बाळ. तिच्या बाजूला पाहुणा म्हणून खुद्द बालाजी लाईनमन. आता निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, गळ्यात रूपसिंगाने घातलेला हार.

पडद्यावर अक्षरं आली. रूपसिंग उभा राहिला. तो अक्षरं शिकला साठीच्या घरात, प्रौढांच्या वर्गात. तेव्हापासून कुठे काही लिहिलेलं दिसलं की मोठ्याने वाचायचं, हा त्याचा नेम.

"स-त्य... घ-ट-ने-वर... आ-धा-रि-त!"

टाळ्यांचा कडकडाट! रुक्माबाईसुद्धा मान डोलवायला लागली.

पिच्चरचं नाव होतं 'पिवळीण'.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. हळदीचं शेत, खांब, खांबावर एक देखणा लाईनमन. "मी इतका गोरा कवा होतो, दाजी?" बालाजी खूश झाला. मग खळखळ आवाज आला. कॅमेरा खाली वळला. तोच फेटिया, तेच आरसे. आणि तोंड! पिवळं तोंड, डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे, ओठातून लाल धार. ती बाई खांबावर पालीसारखी सरसर चढली आणि लाईनमनला चावली!

"आबा," पूजा हळूच म्हणाली, "आजी अशी व्हती?"

पडद्यावर निर्मलाबाईने दुसरा लाईनमन खाल्ला. मग तिसरा. बाया डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघायला लागल्या. रुक्माबाईने बाळाला पदरात घट्ट दाबलं. आणि तेवढ्यात खरोखरीची खळखळ ऐकू आली. दारातून!

दार ढकललं गेलं. उजेडाच्या चौकटीत एक पिवळीधमक बाई उभी. फेटिया, कांचळी, चमचमते आरसे.

"अगं आई गं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे पळाले. एका दाराच्या खोलीतून सत्तर माणसं कशी बाहेर पडली, याचं गणित गुरुजींनाही अजून सुटलेलं नाही. पडदा फाटला, खुर्ची मोडली. बालाजी त्या न ठोकलेल्या खिडकीतून निघाला, पण पोट आत राहिलं.

दारातली बाई चक्रावून गेली. ती भिकाबाई होती, निर्मलाबाईची थोरली जाऊ. तांड्यात जुना पोशाख अजून घालणारी ती एकटीच. हळद पॉलिश करायच्या ड्रमावरून ती थेट आली होती, उशीर होऊ नये म्हणून हातपायही न धुता. "काहून पळून राहिले रे?" ती म्हणाली. "संपला काय पिच्चर?"

फाटक्या पडद्यावर शेवटची अक्षरं आली. वाचायला रूपसिंग एकटाच उरला होता. सवयीने त्याने मोठ्याने वाचलं, "लाईनमन बालाजी यांचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही."

"काय?" खिडकीत अडकलेला बालाजी ओरडला. "दाजी! मी हितं खिडकीत हाय की! ओढा मला!"

संध्याकाळच्या आत रुक्माबाईने निकाल दिला. "भुताचं नाव लेकराला? माझा जीव गेला तरी न्हाई! शिला ठेवते. शिलाचा कोनी पिच्चर काढला न्हाई."

"इवाईनबाई, ते सगळं खोटं हाय वो."

"खोटं? तुमीच वाचलं ना, सत्य घटना म्हनून? उभं राहून वाचलं!"



पुढचे पंधरा दिवस तर विचारू नका. बालाजीच्या घरी कुरुंद्याहून पाहुणे सांत्वनाला आले. बालाजीने स्वतः त्यांना चहा दिला, तरी जाताना त्याच्या बायकोच्या हातात दुखवट्याची टॉवेल-टोपी ठेवून गेले. नवा लाईनमन तांड्याच्या खांबावर चढायला तयार होईना. "मोठे साहेब चढले तर मी चढतो," म्हणाला. मोटरसायकलवर पोरं यायची, खांबासोबत फोटो काढायची, खाली लिंबं ठेवून जायची. इतकी लिंबं जमली की भिकाबाईने बरणीभर लोणचं घातलं!

आणि तांड्यातल्या बायांना निर्मलाबाई दिसायला लागली. कुणाला विहिरीवर, कुणाला गिरणीत, एकीला तर स्वस्त धान्याच्या रांगेत. रूपसिंग ऐकून घ्यायचा. ती गेल्यापासून तो या घरात एकटा झोपत होता. त्याला ती एकदाही दिसली नव्हती. खरं सांगायचं तर त्याला त्या बायांचा जरा हेवाच वाटला.

नांदेडहून पोशाख परत आला. कांचळीवर लाल रंगाचे डाग. त्याने दोनदा साबणाने, एकदा राखेने धुतली. डाग फिके झाले, गेले नाहीत. तेव्हा तो बालाजीला म्हणाला, "चल."

"कुठं?"

"नांदेडला. तू जिता हायस हे दाखवायला तू लागशील."

रवींद्रने दोघांना खुर्च्या दिल्या, उसाचा रस मागवला. पोरगं वाईट नव्हतं. "आजोबा, 'आधारित' म्हणजे थोडंसं खरं असतं."

"किती थोडं?"

"म्हणजे बघा. बाई होती. हळद होती. लाईनमन होता."

"मी अजून बी हाय!" बालाजी म्हणाला.

"भाकर बी व्हती," रूपसिंग म्हणाला. "ती कुठं गेली?"

रवींद्रने रसाचा ग्लास पुढे सरकवला. मग म्हणाला, "भाकरीला कोण घाबरतं, आजोबा?"

"तर मग घाबरवा की लोकायला. मी नको म्हनत न्हाई. पर त्या 'सत्य' शब्दाखाली माझी बाई काहून निजवली? मी उतारवयात अक्षरं शिकलो. मला वाटत व्हतं, लिहिलेलं खरं असतं, म्हनून तर शिकलो."

रवींद्रने दाढी खाजवली. "पिच्चर आता बदलत नाही. पण शेवटची पाटी बदलता येईल. तिथं एक खरं वाक्य घालू. तुम्ही लिहाल ते. चार सेकंद दिसेल, म्हणजे एकच वाक्य हं." मग कागद काढता काढता त्याने विचारलं, "त्या वारल्या कशानं?"

"काविळीनं."

रवींद्रचे डोळे चमकले. "कावीळ! म्हणजे शेवटीसुद्धा पिवळ्या? आजोबा, हे तर..." रूपसिंगाकडे बघून त्याने वाक्य गिळलं. उसाच्या रसाचा ग्लास उगाच पुसला.

घरी येऊन रूपसिंग वही घेऊन बसला. पहिल्या दिवशी चार पानं झाली. निर्मला भाकर कशी थापायची. उधार मागायला आलेल्याला आधी पाणी कशी द्यायची. हसताना तोंडावर हात न ठेवणारी तांड्यातली एकटी बाई होती ती. चार सेकंदांत यातलं काय मावणार? त्याने भाकर खोडली. हसणं खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मग लिहिलं, ती भूत नव्हती. तेही खोडलं. भूत नव्हती म्हटलं की आधी भूत तर आलंच ना! तिने कुणाला मारलं नाही, हेही खोडलं. कोणत्या बाईबद्दल असं लिहावं लागतं?

"माझं बी घाला दाजी, मी जिता हाय म्हनून," बालाजी मागे लागला होता.

"तू स्वतः फिरून दाखव. तुला पाय हायत."

शेवटी त्याने पेटीच्या तळातून निर्मलाच्या मृत्यूचा दवाखान्याने दिलेला दाखला काढला. तो घेतला तेव्हा रूपसिंगाने अंगठा उठवला होता. दोन वर्षांनी अक्षरं आली, तेव्हा कुणाचीही मदत न घेता वाचलेला पहिला कागद तोच. त्याने त्यातूनच वाक्य उतरवून काढलं आणि नांदेडला पाठवलं.

रवींद्रने शब्द पाळला, पाटी बदलली. आणि आठ दिवसांत पिच्चर बघणारे दुप्पट झाले! खाली लोकांनी लिहिलं होतं, "बाप रे, तारीखसुद्धा दिली आहे! म्हणजे खरंच घडलंय!"

रूपसिंगाने कपाळाला हात लावला.

पूजाने मात्र मोबाईलवर ती पाटी थांबवून सासूला वाचून दाखवली. रुक्माबाईने दोनदा वाचायला लावलं. मग बाळाला खांद्यावर टाकून ती स्वतः तांड्यावर आली.

"दवाखान्यात गेली म्हनं?"

"व्हय."

"विहिरीत न्हाई? खांबावर न्हाई?"

"खाटंवर. मी पायथ्याशी बसलो व्हतो."

"कागद हाय?"

रूपसिंगाने दाखला पुढे केला. रुक्माबाईला वाचता येत नव्हतं. तिने शिक्का बघितला, बोट फिरवून बघितलं, उजेडात धरून बघितलं.

"मग आधी सांगायचं न्हाई का!" ती कडाडली. "दवाखान्यात गेलेली बाई हडळ व्हत नसते! तिचा कागद असतो. हडळीचा कागद असतो का कुठं?"

अक्षय तृतीयेला नाव ठेवलं. पाळण्यात निर्मलाबाईची टुकरी अंथरली होती. पोरगी आरसा पकडायला सारखी हात मारत होती. बालाजी साडी घेऊन आला. भिकाबाईने पंगतीला लोणचं वाढलं, आणि लिंबं कुठली ते सगळ्यांचं जेवण झाल्यावर सांगितलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान रुक्माबाईने रूपसिंगाला दिला. त्याने वाकून "निर्मला" म्हटलं, आणि पोरीने भोकाड पसरलं. बाकी काही झालं नाही.

ते वाक्य अजून पिच्चरच्या शेवटी येतं. चार सेकंद दिसतं. अक्षरं जुळवत वाचणाऱ्याला ते पुरत नाहीत, म्हणून इथे पुन्हा लिहिलं आहे:

निर्मलाबाई रूपसिंग आडे, वय छप्पन्न, कावीळ होऊन हिंगोलीच्या दवाखान्यात वारली, सोमवार, नऊ मे दोन हजार अकरा, सकाळी.