देवस्थळी काकांचं बोर्गोलिनो

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालायचा, मनगटाला अत्तर लावायचं, केस चापून बसवायचे, घराबाहेर पडायचं आणि कुठेही जायचं नाही, हा देवस्थळी काकांचा रोजचा कार्यक्रम होता. हेच त्यांनी पुण्यात केलं असतं तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. पण आम्ही राहत होतो मिशिगनमधल्या ट्रॉयला. तिथे माणूस घरच्या गराजमध्ये गाडीत बसतो तो थेट ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरतो. फूटपाथ आहेत, पण ते हिवाळ्यात बर्फ लोटून ठेवायला बांधले असावेत, असा माझा बरेच दिवस समज होता.

मी तेव्हा नागपूरहून नवा नवा आलो होतो. काका पहिल्यांदा रस्त्यावर दिसले तेव्हा सगळे करायचे तेच मीही केलं. गाडी थांबवली, काच खाली घेतली आणि विचारलं, "काका, गाडी बंद पडली का? लिफ्ट देऊ?"

"गाडी घरात सुखरूप आहे," ते म्हणाले. "तूच खाली उतर. पार्क कर कुठेतरी आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"कुठेही नाही. त्यालाच फिरणं म्हणतात. बोर्गोलिनोत हे कुणाला सांगावं लागत नाही."

हे बोर्गोलिनो म्हणजे इटलीतलं एक खेडं. काका गिअरबॉक्सचे इंजिनिअर. तिथल्या एका कारखान्याच्या कामासाठी कंपनीने त्यांना काकूंसकट एक आख्खा उन्हाळा त्या डोंगरातल्या गावी पाठवलं होतं. कंपनीचं काय काम झालं ते कंपनीला ठाऊक. काका मात्र परत आले ते निम्मेच, उरलेले तिथल्या चौकात बसून राहिले. त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य बोर्गोलिनोपासून सुरू व्हायचं. बोर्गोलिनोत टोमॅटोला वास असतो. बोर्गोलिनोत दुपारी फोन वाजत नाही. आणि संध्याकाळी सहाला आख्खं गाव ठेवणीतले कपडे घालून चौकात येतं, कारंज्याभोवती दोन-चार चकरा मारतं, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतं आणि जेवायला घरी जातं. आपण घाई केली की काका तळहात खाली दाबत म्हणायचे, "पियानो, पियानो!" म्हणजे सावकाश, सावकाश. ग्रीन कार्डाची वाट बघत बसलेल्या माणसालाही ते हेच सांगायचे. तो बिचारा दात-ओठ खायचा.

आपल्या लोकांचं अमेरिकेतलं साइटसीइंग ठरलेलं. पहाटे निघून नायगारा गाठायचा, धबधब्यासमोर सर्वांचे फोटो काढायचे आणि इंडियन बफे सापडेपर्यंत गाडी हाणायची. काकांना याचा मनस्वी तिटकारा होता. "एक गाव धरावं," ते म्हणायचे, "आणि पायी पोचता येईल तेवढंच बघावं." तत्त्व उत्तम होतं. पंचाईत एवढीच, की ट्रॉयहून पायी पोचता येईल असा एक पेट्रोल पंप आणि एक दातांचा दवाखाना होता. त्यामुळे पायी बघण्यासारखं काही शोधायला काका दर शनिवारी आम्हाला गाडीने तासभर लांब न्यायचे.

बोर्गोलिनोत टेकडीवर एक छोटं चर्च आहे, म्हणून आम्हाला टेकडी चढायची होती. मिशिगनचा हा भाग म्हणजे पोळपाट. काकांनी तरी एक टेकडी हुडकलीच. धापा टाकत वर पोचल्यावर कळलं, की शहराचा जुना कचरा साठवून वर गवत लावलं होतं. "व्ह्यू बघ, व्ह्यू," काका म्हणाले. व्ह्यू हायवेचा होता.

बोर्गोलिनोत चेस्टनटच्या रानात मशरूम वेचतात, म्हणून एका मे महिन्यात आम्हीही रानात ओणवे झालो. पिशवीभर मशरूम घेऊन परतताना पार्कच्या माणसाने ते निवडून दाखवले. निम्मे खाण्याचे होते, निम्मे स्वर्गवासी होण्याचे. माझ्या बायकोने, मेघनाने, सगळीच पिशवी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. पुढे काकांनी एका गराज सेलमधून बोर्गोलिनोतले म्हातारे झाडाखाली खेळतात तसले लाकडी चेंडू आणले. त्यातला नेम धरायचा बारका चेंडू हरवला होता, म्हणून आम्ही लिंबू वापरायचो. जिंकणाऱ्याने त्याचंच सरबत करायचं, हा नियम काकांचा.

या सगळ्या सहलींत एक गोष्ट मला विचित्र वाटायची. गाडीत कितीही दाटी झाली तरी काका पुढची सीट कुणाला द्यायचे नाहीत. आम्ही चौघं मागे अंग चोरून बसायचो आणि पुढे ऐटीत एक गवती हॅट बसलेली असायची. ती सुधाकाकूंची. निघताना दर शनिवारी काका दारातून हाक मारायचे, "येतेस का गं?" आतून उत्तर यायचं, "तुम्ही या जाऊन. माझं डोकं दुखतंय."

काकूंचं डोकं फार दिवस दुखत होतं. एका हिवाळ्यात बर्फावरून त्यांची गाडी घसरून खांबाला लागली. खांबाला काही झालं नाही, काकूंनाही नाही, पण त्यांनी किल्ली जी खुंटीला लावली ती कायमची. दोन्ही मुलं कॉलेजला लांब गेलेली. गाडी चालवायची नाही म्हटलं की ट्रॉयमध्ये बाईमाणसाने जायचं तरी कुठे? आधी दुकान सुटलं, मग मंडळाचे कार्यक्रम, मग भिशी. शेवटी शेवटी त्या दार उघडून पत्रंसुद्धा घ्यायला येईनात. मेघना डबा घेऊन गेली की खिडकीपाशी बसलेल्या दिसायच्या. फार वाईट वाटायचं. "आणि तिथे बघ," काका एकदा मला म्हणाले होते, "भाषेचं अक्षर येत नव्हतं, तरी हिला आख्खा चौक ओळखायचा. पाववाली हिला हाक मारायची. बेप्पे म्हणून एक म्हातारा कुत्रा होता, तो रोज हिच्या हातची पोळी खायला दारात यायचा." नेहमीप्रमाणे बोर्गोलिनोचं पुराण म्हणून मी ते अर्धवट ऐकलं.

संध्याकाळचं फिरणं मात्र चालूच होतं. त्या वर्षांत आपल्या रंगाचा माणूस विनाकारण फिरताना दिसला की लोक जरा जास्तच बघत. कुणीतरी पोलिसांना कळवलं. आलेला पोलिस भला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सर, इथे लोक सहसा कुत्र्याला घेऊन फिरतात." काकांनी हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते हातात कुत्र्याची लाल साखळी घेऊन निघू लागले. फक्त साखळी.

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"कुत्र्याचं करायचं कोण? साखळी दिसली की लोकांचं समाधान होतं."

खरंच होत होतं. गाड्या थांबायच्या बंद झाल्या. कुणी फारच चौकशी केली तर काका म्हणायचे, "पुढे गेलाय."

मग सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांना समोरच्या घरातल्या मार्गरेटबाईंनी गाठलं. मी नुकताच ऑफिसातून येऊन त्याच रस्त्यावरच्या आमच्या दारात गाडीतून उतरत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यादेखत घडलं. मार्गरेटबाई रिटायर्ड शाळामास्तरीण. त्यांना थापा चालत नसत.

"मी रोज बघते," त्या काकांना म्हणाल्या. "रोज सहा वाजता तुम्ही साखळी घेऊन निघता आणि एकटेच परत येता. तो हरवलाय ना? आणि तुम्ही एवढे दिवस त्याला शोधताय?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाला खरं कसं सांगणार?

"नाव काय त्याचं?"

"बेप्पे," काकांच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी एकेका घराची बेल वाजवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं ज्यांची फक्त गराजची दारं पाहिली होती, ती माणसं अंगणात आली. कोपऱ्यावरचं कोरियन जोडपं आलं, हैदराबादचे रेड्डी लुंगीवर आले, कुणी बिस्किटं आणली, कुणी टॉर्च आणला. माणसं झुडपांत वाकून बघू लागली, एकमेकांना नावं विचारू लागली. सगळा रस्ता "बेप्पे! बेप्पे!" करून हाका मारायला लागला. मी काकांकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला होता.

तेवढ्यात त्यांच्या घराचं दार उघडलं.

सुधाकाकू दारात उभ्या होत्या. पायांत घरातल्या सपाता, हातात पोळीचा तुकडा. "अहो," त्या म्हणाल्या, "बेप्पेला कोण हाका मारतंय?"

मार्गरेटबाई लगबगीने गेल्या आणि त्यांनी काकूंचा हात धरला. "तुम्हीही या. आपण त्या वळणापर्यंत बघून येऊ. तुमचा आवाज तो ओळखेल."

काकूंनी रस्त्याकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं, मग काकांच्या हातातल्या रिकाम्या साखळीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार. आता त्या काहीतरी फटकारून बोलतील आणि दार लावून घेतील, असं मला वाटलं. पण त्यांनी पदर खोचला, पायरी उतरल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "बेप्पे! ये रे, ये!" आणि मार्गरेटबाईंच्या हातात हात घालून त्या वळणाकडे चालू लागल्या.

मी काकांजवळ गेलो. "काका, आता सांगून टाका ना. लोक उगाच शोधतायत."

काकांची नजर वळणावर होती. त्यांनी साखळी हाताभोवती घट्ट गुंडाळली.

"पियानो, पियानो," ते हळूच म्हणाले. "तो सापडला की सगळे घरी जातील रे."